कमळाचा कंद: फायदे खरे किती, आणि कुठल्या तलावातला खावा

तलावकाठ

व्हॉट्सॲपवर सध्या एक निरोप फिरतोय. कमळाचा कंद खा, रक्त वाढतं, साखर उतरते, बी-१२ मिळतं, सिकलसेलसुद्धा बरा होतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलावच ६,८६२ मोजलेले आहेत. त्यातल्या कित्येकांत कमळ आहे, म्हणजे हा निरोप आपल्याच ताटावर येऊन पडणार. कंद खाण्याजोगाच आहे, त्यात वाद नाही. पण तो कसला पदार्थ आहे आणि कुठल्या पाण्यातून आला, हे आधी कळायला हवं.

आधी ओळख. कमळाचं पान गोल, ताटासारखं, त्याला कुठेही चीर नसते आणि देठ बरोबर मधोमध चिकटलेला असतो. जुनी पानं पाण्याच्या वर हातभर उभी राहतात. पोयन्याचं, म्हणजे कुमुदिनीचं पान पाण्यावर लोळतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचा कंद म्हणजे गाळात आडवं धावणारं खोड. सॉसेजसारख्या पेरांची माळ, आत लांबच्या लांब पोकळ नळ्या. आडवा कापला की मधल्या बारीक छिद्राभोवती सात ते नऊ मोठी छिद्रं दिसतात. पोयन्याचा कंद गाठीसारखा, खडबडीत, आतून भरीव. तोही उकडून खातात, पण तो वेगळा.

बाजारात कमलकाकडी म्हणतात, जुन्या मराठीत भिसे, गोंदियापलीकडे छत्तीसगडात ढेस, नागपूरच्या सिंधी घरांत भीह, काश्मिरींकडे नद्रू. वस्तू एकच.

पऱ्हाटीवाला

भाऊ, शिंगाडा बी यातच धरता का? अन् मखाना? दुकानदार तं मखान्याले कमळाचं बी म्हणूनच विकून राह्यला.

तलावकाठ

दोन्ही नाही. शिंगाडा हे फळ आहे, तरंगणाऱ्या वेलाला पाण्याखाली लागतं, कंद नव्हे. मखाना हे बीच आहे, पण कमळाचं नाही, काटेरी पानांच्या दुसऱ्याच पाणवनस्पतीचं. बिहारात मिथिलेकडे त्याची शेती होते. कमळाचं बी म्हणजे कमळगट्टा, काळं, गोटीसारखं टणक. ते फुलत नाही.

आणि तलावाच्या कडेला उगवणारा रानधोपा (रानअळू) उपटून "हाही पाण्यातलाच कंद" म्हणून खाऊ नका. धोप्याच्या कंदात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, अर्धवट शिजला तर घसा आणि जीभ चांगलीच खाजते. कमळाच्या कंदाला खाज नसते. कापल्यावर छिद्रं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले नाहीत, तर तो कमळाचा नाही.

मापात_माप

आकड्यांचं बोलू. १०० ग्रॅम सोललेल्या कच्च्या कंदात साधारण ७९ ग्रॅम पाणी, ७४ कॅलरी, १७ ग्रॅम कर्बोदकं, त्यातलेच जवळपास ५ ग्रॅम तंतू (फायबर), २.६ ग्रॅम प्रथिनं, चरबी नावालाच. पोटॅशियम ५५६ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ४४, कॅल्शियम ४५, फॉस्फरस १००, लोह १.१६. बटाट्याशी तुलना केली तर कॅलरी जवळपास तितक्याच (बटाट्याच्या ७७), तंतू दुप्पट, क जीवनसत्त्वही दुप्पट.

हे कच्च्याचं झालं. खायचा मात्र शिजवूनच, तेव्हा उकडल्यानंतरचे आकडे बघा: क जीवनसत्त्व २७, पोटॅशियम ३६३, तंतू ३.१, कॅलरी ६६. पाणी फेकलं की त्या पाण्यासोबत हे गेलं. म्हणून रस्सा केला तर जास्त हाती लागतं.

आता निरोपातले दावे एकेक करून.

रक्त वाढतं: भारतीय आहारशिफारशींनुसार (आयसीएमआर-एनआयएन, २०२०) प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. शंभर ग्रॅम कंद देतो सव्वा मिलिग्रॅमच्याही आत, म्हणजे बाईच्या गरजेच्या चार टक्के. यावर रक्त वाढवायचं म्हटलं तर रोज दोन-अडीच किलो कंद खावा लागेल. क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतलं लोह बऱ्यापैकी शोषलं जातं, तेवढा हातभार मात्र खरा.

बी-१२: कुठल्याच कंदमुळात नसतं. हा दावा दिसला की बाकीचा निरोपही न वाचता पुसा.

सिकलसेल: आपल्या भागात यावर थट्टा नको. हा जन्मतः रक्तातला दोष आहे, कुठल्याही कंदाने जात नाही. आणि फॉलिक ॲसिडची गोळी "आता कंद खातो ना" म्हणून बंद करू नका. कंदात फोलेट (तेच जीवनसत्त्व) १३ मायक्रोग्रॅम, रोजची गरज प्रौढ बाईची २२०, पुरुषाची ३०० मायक्रोग्रॅम.

खरी जमेची बाजू कोणती? तंतू, क जीवनसत्त्व, पोटॅशियम. आणि कमी कॅलरीत पोट भरतं. भाजी म्हणून उत्तम, औषध म्हणून शून्य.

बोडी_बारमाही

साखर असणाऱ्यांनी खावा की नाही? "जमिनीखालचं बंद" असं सरसकट सांगतात.

मापात_माप

खावा, पण मोजून. दीडशे ग्रॅम शिजलेल्या कंदात साधारण २४ ग्रॅम कर्बोदकं. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर चाळीस-बेचाळीस ग्रॅम देते. म्हणजे एक मोठी वाटी कंदाची भाजी घेतली तर त्या जेवणातली अर्धी भाकर कमी करा. चूक होते ती इथेच. भाकरही पूर्ण, भातही पूर्ण आणि कंद "भाजी" म्हणून वर. बटाट्याची भाजी खाताना लोक हेच करतात आणि दोष बटाट्याला देतात.

तळलेले काप हा वेगळा हिशोब, त्यात तेलाच्या कॅलरी धरायच्या.

रक्तदाब_मोजा

साखरेपेक्षा किडनीवाल्यांकडे लक्ष द्या. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी सांगितलंय, त्यांना नारळपाण्याबद्दल माहीत असतं, पण कंद "हलकी भाजी" वाटतो. ती नाही. त्यांना द्यायचाच झाला तर पातळ काप, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून, लहान वाटीभर. रस्सा त्यांच्यासाठी नाही, कारण निघालेलं पोटॅशियम रश्श्यातच राहतं.

उलट ज्यांना फक्त बीपी आहे आणि किडनी ठीक आहे, त्यांना पोटॅशियम असलेली भाजी चांगलीच. पण वरून मीठ आणि लोणचं आलं की फायदा धुऊन गेला.

गाळात_पाय

बाजारातून घेताना काय बघायचं, हे कुणी लिहिलं नाही.

पेर दोन्ही टोकांना बंद हवं. कंद काढताना गाठीवर न तुटता मध्येच तुटला, की गाळ नळ्यांत शिरतो आणि मग कितीही धुवा, दाताखाली कचकच लागतेच. विक्रेते तुटकी टोकं कापून सरळ करून ठेवतात, म्हणून टोक डोळ्यासमोर धरून नळीत बघा. आरपार उजेड दिसला तर ठीक, काळी बुच दिसली तर ठेवून द्या.

रंग फिकट पिवळसर ते बदामी. तपकिरी ठिपके चालतात. नखाने दाबल्यावर मऊ लागला, किंवा गाठीजवळ काळपट ओल असली, तर आतून सडायला लागलेला असतो. फटफटीत पांढरा, वर ब्लीचिंग पावडरीचा वास येत असेल तर घेऊच नका. गाळ लागलेला कंद घाण दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण तोच जास्त टिकतो. न धुता ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत आठवडा-दीड आठवडा राहतो. धुतलेला दोन-तीन दिवसांत चिकट होतो.

जाडीचंही बघा. आपल्याकडचा कंद बोटभर ते मनगटाएवढा, लांब, रेषाळ. तलावात पाणी असताना काढलेला कोवळा कंद कुरकुरीत, तो परतायला चांगला. पानं वाळल्यावर, माघ-फाल्गुनात पाणी ओसरल्यावर काढलेला भरलेला, पिठूळ. तो रश्श्याला आणि वाळवणाला.

सोलून, टोकं काढून किलोमागे साधारण आठशे ग्रॅम हाती येतो. भाव करताना हे धरा.

सोलेभात

आता स्वयंपाकघर. सत्तर टक्के लोकांचा कंद इथेच बिघडतो आणि मग "याला काही चव नाही" म्हणून मोकळे होतात.

आधी अख्खं पेर बाहेरून घासून धुवायचं, कापायचं नंतर. गाठी छाटल्या की नळ्या उघड्या होतात. पेर नळाखाली उभं धरा, एका टोकातून पाणी सोडा, दुसऱ्या टोकातून स्वच्छ पडेपर्यंत. गाळ अडकला असेल तर खराट्याच्या काडीला ओलं फडकं गुंडाळून नळीतून फिरवा. तरी निघेना तर पेर उभं चिरा आणि प्रत्येक खाच बोटाने घासा. गोल चकत्या सुंदर दिसतात म्हणून गाळ खायचा नाही.

सालं बटाट्याच्या सोलाण्याने काढा. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने तंतू तुटत नाहीत, चकती उचलली की मागे दोऱ्याच्या दोऱ्या लोंबतात. त्या तंतूंचं घाबरायचं कारण नाही, पण जून कंदाचे तंतू दातांत अडकतात, म्हणून तिरपे काप घ्या.

कापल्यावर पाच मिनिटांत कंद गुलाबी-तपकिरी पडतो, सफरचंदासारखाच. एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस किंवा अर्धी वाटी आंबट ताक घालून काप त्यात टाकत जा. पंधरा मिनिटं पुरे. रात्रभर भिजवून ठेवला तर रंग राहतो, पण क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं.

लोखंडी कढईत करू नका. कंदातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून निळसर काळी होतात. खाल्ल्याने अपाय नाही, पण पाहुणे ताट बाजूला सारतात. स्टील किंवा जाड जर्मनची (ॲल्युमिनियमची) कढई घ्या, आणि जर्मनच्या कढईत आंबट फार वेळ ठेवू नका.

सोले-कंद, चार माणसांसाठी: अर्धा किलो कंद, पाव किलो ओल्या तुरीचे सोले, दोन कांदे, एक मोठं टमाटं, सात-आठ लसूणपाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, बोटभर आलं, हळद, तिखट, दीड चमचा काळा मसाला, दोन पळ्या जवसाचं तेल, सांबार (कोथिंबीर).

कंदाचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप थोडं मीठ आणि वाटीभर पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या. जून असेल तर पाच. बटाट्यासारखा विरघळायची वाट बघू नका, तो विरघळत नाही. सुरीचं टोक सहज आत गेलं आणि चावताना थोडा कचका राहिला, की झाला. सोले मात्र कुकरला लावू नका, त्यांचा लगदा होतो. तेलात आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मग कांदा लालसर, मग सोले दोन-तीन मिनिटं परतून, हळद-तिखट-मसाला, कंद त्याच्या पाण्यासकट आणि वर दीड वाटी गरम पाणी. मंद आचेवर दहा मिनिटं. टमाटं शेवटी. हे मुद्दाम सांगतोय कारण चूक हीच होते. आंबट आधी पडलं की कंद कडकच राहतो, तासभर शिजवा, दाद देत नाही. चिंचेचं, कोकमाचं, दह्याचंही तेच.

तुरीच्या सोल्यांची प्रथिनं, कंदाचे तंतू, टमाट्याचा आंबटपणा. भाकरीबरोबर पूर्ण जेवण आहे.

पऱ्हाटीवाला

सावजी रस्सा करता येईन का याचा?

सोलेभात

येतो, पण कंद स्वतः मसाला फारसा पीत नाही. नळ्यांत रस्सा भरतो, तीच त्याची गंमत. चकत्या पाऊण सेंटीमीटर जाड ठेवा, उकडून घ्या, मग वाटणात वीस मिनिटं मुरू द्या आणि तर्री वर आल्यावर गॅस बंद करून आणखी अर्धा तास. लगेच वाढला तर रस्सा एकीकडे, कंद एकीकडे.

तळायचे काप: दोन मिलिमीटर, दहा मिनिटं गार पाण्यात म्हणजे वरचं स्टार्च निघून जातं, मग फडक्यावर पसरून नळ्यांतलं पाणी झटकून वीस मिनिटं कोरडे करा. वरून कोरडा दिसतो, पण छिद्रात थेंब असतो, तोच तेलात फुटतो आणि मनगटावर येतो. तेल मध्यम. फार तापलं की कडा जळतात आणि मध्ये चिवट राहतो.

बोडी_बारमाही

कच्चा कोशिंबिरीत टाकतात तसा चालेल का? जपानी पद्धत म्हणून व्हिडिओत दाखवतात.

रक्तदाब_मोजा

व्हिडिओतल्या कंदाचं पाणी कुणी तपासलेलं असेल, आपल्या तलावाचं नाही. तलावात गुरं धुतली जातात, डुकरं लोळतात, पाळीवर लोक पहाटे बसतात. नाही म्हणून उपयोग नाही.

पाणवनस्पतींवर एका चपट्या कृमीचे कोष चिकटतात. फॅसिओलॉप्सिस बस्की असं त्याचं नाव. माणसाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून गोगलगाईत, गोगलगाईतून बाहेर पडून देठांवर, पानांवर, शिंगाड्याच्या सालीवर. त्याच वनस्पती कच्च्या खाल्ल्या की कोष लहान आतड्यात उघडतात आणि कृमी तिथेच वाढतो, साडेसात सेंटीमीटरपर्यंत. थोडे असतील तर कळतही नाही. जास्त झाले तर पोटदुखी, जुलाब, पुढे चेहऱ्यावर आणि पोटावर सूज. उत्तर प्रदेश, बिहार आणि महाराष्ट्रातूनही रुग्णांची नोंद आहे.

कंद गाळात असतो, कोष जास्त करून पाण्यातल्या देठांवर आणि फळांवर. पण तोच कंद त्याच तलावात खळखळून "स्वच्छ" केला जातो, तेव्हा एवढ्यावर भरवसा ठेवू नका. खरा धोका शिंगाड्याचा. ओला शिंगाडा दाताने सोलतात, मुलं तर हमखास. सुरीने सोला, हात आणि सुरी धुवा, किंवा सरळ उकडून खा. कंद तर उकळलेलाच.

शाळेत जंतनाशक दिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी या कृमीवर भरवशाची नाही. यावर प्राझिक्वांटेल देतात, ते डॉक्टरने तपासून. "जंताची गोळी घेतली आहे" म्हणून बिनधास्त होऊ नका.

झुडपी_जंगल

कृमी उकळल्याने मरतो, शिसं मरत नाही. हाच मुद्दा कुणी मांडत नाही.

कमळ गाळातून जे मिळेल ते ओढतं. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक यांसारखे धातू गाळात असले, तर मुळांत आणि कंदात साठतात. म्हणूनच सांडपाणी गाळायला कमळासारख्या वनस्पती वापरतात. एकच झाड दोन्ही कामं करतं, फक्त दुसऱ्या कामाचं झाड ताटात आणायचं नसतं.

तेव्हा कुठला घ्यायचा नाही: शहराचं गटार उतरतं त्या तलावातला, वीज केंद्राच्या राखेचं किंवा खाणीचं पाणी येतं तिथला, हमरस्त्याला लागून असलेल्या डबक्यातला, गणपती-दुर्गा विसर्जनाच्या तलावातला (रंगांमुळे). धानाच्या बांध्यांचं पाणी ज्या बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) उतरतं, तिथे फवारणीनंतर लगेच काढू नये. जंगलाकडून पाणी येणारा, वर वस्ती नसलेला तलाव सगळ्यांत बरा.

विक्रेत्याला "कुठला आहे?" एवढं विचारायला लाजू नका. ढीवर (मासेमार) समाजातली बाई स्वतः काढून विकत असेल तर तलावाचं नाव लगेच सांगते. ठोक बाजारातून आलेल्याचं कुणालाच माहीत नसतं.

तलावकाठ

झुडपी_जंगल, हे मूळ लेखात यायला हवं होतं. सालीत जास्त साचतं का?

झुडपी_जंगल

साल आणि बारीक मुळं यांत जास्त, म्हणून सोलणं आणि गाठी जाड छाटणं फायद्याचं. पण गरही सुटत नाही. सोललं म्हणजे सुरक्षित झालं, असा अर्थ काढू नका. पाणीच चांगलं हवं.

गाळात_पाय

काढण्याबद्दल दोन गोष्टी, कारण चुकीच्या काढणीने तलावातलं कमळच संपतं.

पायाच्या बोटांनी गाळात पेर चाचपायचं, वाढीच्या टोकाकडून मागे यायचं, दोन्ही बाजूंचा गाळ पायाने मोकळा करायचा आणि गाठीवरच तोडायचं. हिसका दिला की मध्ये तुटतो, मग आपलाही गेला आणि गाळात राहिलेला अर्धा सडतो. एका ताटव्यातला दोन तृतीयांशच काढा. टोकाची कोवळी पेरं सोडा, पुढचं पीक तीच.

दुसरं, लक्ष्मीपूजनाच्या आधी फुलं तोडणाऱ्यांनी ऐकावं. कमळाचा देठ पोकळ असतो, त्यातूनच गाळातल्या कंदाला हवा जाते. देठ पाण्याच्या खाली तोडला की नळीतून पाणी उतरतं आणि कंद गुदमरून सडतो. पाण्याच्या वर दोन वीत देठ ठेवून तोडा. एवढं पाळलं तरी फुलं विकणारे आणि कंद काढणारे यांची भांडणं निम्मी कमी होतील.

गाळ काढायला जेसीबी लागतो (२०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत बराच गाळ निघाला), तेव्हा कमळाचा गाळही शेतात जातो. काढणीआधी एका कोपऱ्यातला पट्टा खुणा लावून राखा. आणि सरसकट खोल खणू नका. अडीच मीटरच्या पुढे पाणी गेलं की कमळ तिथे पुन्हा लागत नाही.

बोडी_बारमाही

शेतातल्या बोडीत लावायचं झालं तर?

गाळात_पाय

माघ-फाल्गुनात लावा, पाणी कमी असताना. कंदाचं टोकाचं, दोन-तीन गाठींचं पेर, वाढीचा कोंब शाबूत. कोंब मोडला तर ते पेर खाऊन टाका, लावण्यात अर्थ नाही. चिखल वीतभर तरी हवा. कोंब खाली तिरपा दाबा, मागचं टोक जरासं वर. पहिला महिना पाणी चार ते सहा बोटं, पानं उभी राहिली की हळूहळू वाढवा. एकदम बोडी भरली तर कोवळी पानं बुडून झाड मरतं. दिवसाला पाच-सहा तास ऊन. कच्चं शेण घालू नका, पाणी आंबतं. कुजलेलं खत चिखलात आधीच मिसळा.

बोडीत गवत्या मासा सोडला असेल तर विसरा, तो कोवळे कोंब आधी खातो. रोहू-कतल्याचं तसं नाही. पण कमळाने पूर्ण पाणी झाकलं तर सावलीमुळे आणि कुजणाऱ्या पानांमुळे पहाटे प्राणवायू कमी पडतो, मासे तोंड वर काढतात. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पसरू देऊ नका. कडेची बेशरमाची झुडपं मात्र मुळासकट काढा, ती राहिली तर दोन वर्षांत कमळही नाही, बोडीही नाही.

सोलेभात

वाळवणाचं राहिलं. तीन मिलिमीटरच्या चकत्या, उकळत्या मिठाच्या पाण्यात (लिटरला दोन चमचे मीठ) तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून फडक्यावर, वर जाळी. मार्चच्या उन्हात दोन-तीन दिवस, रोज संध्याकाळी घरात. मोडली की काटकन आवाज यायला हवा. वाकली तर अजून ओल आहे आणि महिन्यात बुरशी धरेल. न उकळता वाळवलेल्या चकत्या चॉकलेटी होतात आणि शिजताना चामड्यासारख्या. किलोभर सोललेल्या कंदाची जवळपास पाव किलो वाळवण होते. वापरताना दोन तास कोमट पाण्यात.

हीच वाळवण दळून उपवासाचं पीठ होतं. एकट्याचं थालीपीठ मोडतं, म्हणून अर्धं शिंगाड्याचं किंवा उकडलेला बटाटा.

मापात_माप

पिठाच्या पाकिटावर "क जीवनसत्त्वाने भरपूर" छापतात, ते खोटं धरा. उन्हात आणि उकळण्यात ते बहुतेक गेलेलं असतं. तंतू आणि स्टार्च राहतात. आणि पीठ म्हणजे चौपट घट्ट झालेला कंद. साखर असलेल्यांनी उपवासाला चार थालीपिठं खाऊन "कंदच तर आहे" म्हणू नये.

कंदमूळ

आयुर्वेदाच्या नावाने जे रोज खायला सांगतात, त्यांच्यासाठी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, शालूक आणि बिस म्हणजे कमळाचे कंद आणि देठ हे वाळलेल्या मांसाबरोबर आणि सुक्या भाज्यांबरोबर एकाच यादीत बसवलेत. कारण दिलंय जडपणाचं, आणि सांगितलंय की रोजच्या सवयीचे करू नयेत. थंड गुणाचा म्हणून उन्हाळ्यात गौरव होतो तो खरा, पण पचायला जड ही दुसरी बाजू त्याच परंपरेत आहे. ज्यांना गॅसेस, मलावरोध आहे त्यांनी रात्री खाऊ नये, हिंग-आलं घालून दुपारी खावा.

रक्तदाब_मोजा

तंतू जास्त आणि पाणी कमी पिणं, हे मलावरोधाचं साधं कारण आहे. खाल्ल्यावर पाणी प्या. आठवड्यातून दोनदा, शिजलेला दीडशे ग्रॅमच्या आसपास, एवढं बहुतेक माणसांना मानवतं. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना चकत्या देऊ नका, तंतू घशात अडकतात. त्यांच्यासाठी उकडून, किसून, गाळणीतून दाबून.

पऱ्हाटीवाला

अन् गावच्या तलावातून काढाले कोणाले विचारा लागते?

गाळात_पाय

तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. आधी संस्थेच्या माणसांना विचारा, मग ग्रामपंचायतीत. ठेका मासळीचा आहे की शिंगाडा-कमळासकट, हे कागदावर बघून घ्या, कारण तिथेच वाद होतो. आणि एकटे उतरू नका. कमळाच्या ताटव्यात गाळ कंबरेपर्यंत जातो, देठांत पाय गुंततात, बाहेर निघायला दुसऱ्याचा हात लागतो. अंगाला जळू चिकटली तर ओढू नका, मीठ सोबत ठेवा.